गेनूनानांचं सातवं रीळ

आमचे गेनूनाना जेवताना मध्यंतर घेतात. पहिली भाकरी संपली की ताटावर हात आडवा धरायचा, "मध्यंतर!" म्हणायचं, बाहेर ओट्यावर येऊन एक विडी ओढायची आणि मग आत जाऊन दुसरी भाकरी. तुम्ही म्हणाल, असते एकेकाची सवय. पण हा माणूस दुसऱ्यांच्या कार्यातही मध्यंतर घेतो. एका साखरपुड्यात दोन्हीकडची मंडळी मानपानावरून हमरीतुमरीवर आली होती. नाना मांडवाच्या मधोमध उभे राहिले आणि टाळी वाजवून ओरडले, "मध्यंतर! पाच मिनिटं! ज्यास्नी भायेर जायचंय त्यांनी जाऊन या!" नवल म्हणजे माणसं खरंच गेली. परत आली तेव्हा भांडण कुठवर आलं होतं तेच कुणाला आठवेना.

मी तिथंच होतो. एम.ए., बी.एड. झालेला, चार बुकं शिकलेला माणूस. त्याआधी अर्धा तास मी दोन्ही पार्ट्यांना समजावत होतो आणि एकही माणूस माझ्याकडे बघत नव्हता. या गड्यानं एक टाळी वाजवली आणि काम फत्ते. आता तुमच्यापासून काय लपवायचं? मी गेनूनानांवर जळतो. आजचा नाही, पंधरा वर्षांचा जळतो.

महाळुंगे पडवळला आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. मी पेठच्या बाजूला एका हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. नाना बावीस-तेवीस वर्षं एका टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होते. दसरा झाला की ट्रकात तंबू, मशीन आणि जनरेटर घालून बाहेर पडायचे. आज या गावची यात्रा, उद्या त्या गावची, असं करत आखाड लागायच्या बेताला घरी. त्यामुळं त्यांची सगळी भाषा मशीनवरची. एखाद्याला सांगितलेलं कळलं नाही की "फोकस लागला न्हाई". नाव आठवलं नाही की "रीळ तुटलं". ग्रामसभेत कुणी लांबण लावली की मागून आवाज यायचा, "कटिंग मारा, राव!" आणि माझ्याबद्दल विचाराल, तर पंधरा ऑगस्टच्या माझ्या भाषणानंतर ते मला म्हणाले होते, "मास्तर, तुमी बोलता झ्याक, पर आवाज पडद्याच्या मागं जातो."

सगळा गाव हसला. माझी बायको सुमन तर सगळ्यात आधी हसली.

आता त्या पिक्चरबद्दल सांगतो, कारण माझ्या जळण्याचं मूळ तिथं आहे.

पेठच्या यात्रेला नानांच्या शेठला मारधाडीचा पिक्चर लावायचा होता. मुंबईच्या वितरकाकडं गेला तर चालू पिक्चर सगळे बाहेर गेलेले. कोपऱ्यात एका इंग्रजी पिक्चरचे डबे पडले होते आणि डब्यावर फोटो होता: एक काळासावळा उघडाबंब गडी, हातात कुऱ्हाड, कपाळाला आठ्या. शेठ खूश झाला. यात्रेच्या दिवशी सकाळपासून जीप फिरली. "आज रात्री! थरारक! सनसनाटी! कुऱ्हाडीचा बदला!" तंबू चिक्कार भरला. मीही तिकीट काढून आत होतो.

पिक्चर सुरू झाला. गडी कुऱ्हाड घेऊन आला आणि त्यानं सरपण फोडलं. मग बायकोनं चूल पेटवली. मग पोरगं खेचराला पाणी पाजून आलं. एक रीळ झालं, दुसरं झालं, कुऱ्हाड पुन्हा काही दिसेना. तो बिचारा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचा साधा कौटुंबिक पिक्चर होता. दुसऱ्याच्या रानात राबणारं एक कुटुंब, बारा-तेरा वर्षांचा मुलगा आणि त्याचं मोठं होणं. मारामारी तर सोडा, कुणी कुणाच्या थोबाडीतसुद्धा देत नव्हतं. लोकांनी शिट्ट्या मारल्या, मग चपला फेकल्या, मग एक धोंडा मशीनजवळ येऊन पडला. शेठ तंबूच्या मागच्या बाजूनं पसार झाला.

तेव्हा नानांनी मशीनचा आवाज बारीक केला आणि तिकीटविक्रीचा माईक तोंडाशी धरला. "बसा, राव, बसा! ह्यो गडी धोंडिबा. ही त्याची मालकीण सोनाबाई. आन् ह्यो किसन, थोरला. राब ह्यांचा आन् पीक मालकाचं. आता मज्जा बघा, म्होरं काय हुतंय!"

नानांना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. सही मराठीत करतात, तीही बघून. पण त्यांनी तो सगळा पिक्चर तोंडानं सांगितला. ती माणसं देवळात उभी राहून गाणी म्हणायची, ते नानांनी भजनी मंडळ केलं. खेचराचं नाव चांदी ठेवलं. बाप रेल्वेचे रूळ टाकायला लांब मुलखात गेला, तेव्हा नाना म्हणाले, "धोंडिबा निघाला मुंबैला." बस्स. तंबूत चिडीचूप. शेजारची एक म्हातारी मला म्हणाली, "आपल्यातलीच हायेत रं ही. उन्हात राबून अशीच व्हत्यात माणसं." आणि तिनं पदर डोळ्याला लावला.

पुढं घरोघर केबल आली आणि शेठनं तंबू गुंडाळला. वितरकानं ते डबे परत मागितलेच नाहीत. जुनं मशीन कुणी घेईना. डबे आणि मशीन, दोन्ही नानांच्या घरी आली. तेव्हापासून आमच्या यात्रेला पहिल्या रात्री नारायणगावचा तमाशा, दुसऱ्या दिवशी बैलगाडे आणि कुस्त्या, आणि संध्याकाळी दिवेलागणीला शाळेच्या पटांगणात 'कुऱ्हाड'. दरवर्षी तोच पिक्चर, तीच आठ रिळं, प्रत्येक रिळानंतर मध्यंतर आणि तीच गर्दी. बैलगाड्यांचे शौकीन दरवर्षी वाद घालायचे, की हे खेचर शर्यतीच्या घाटात जुंपलं तर किती सेकंदांत जाईल.

मी एकदा सुधारणा करून पाहिली. सुरुवातीला दोन शब्द बोलायची परवानगी घेतली, गुलामगिरीचा इतिहास सांगितला, कापसाचे मळे सांगितले. लोक जांभया द्यायला लागले. शेवटी म्हणालो, "आणि या मुलाचं नाव किसन नसून सॅम्युअल आहे." मागून एक म्हातारा म्हणाला, "आसंल. घरी किसन म्हनत असत्याल."

बसलो खाली.

एवढंच असतं तर मी सोडून दिलं असतं. पण माझं खरं दुखणं माझ्या घरात होतं. ते म्हणजे आमचे अण्णा, माझे वडील.

अण्णांनी उभा जन्म मुंबईच्या बाजारात ओझी उचलली. आमच्याकडं निम्म्या घरांत हेच. बाप मुंबईला, वर्षातून एकदा यात्रेला घरी. खांद्यावर नवं कापड, पिशवीत हलवा, चार दिवस राहायचं आणि पाचव्या दिवशी एसटीला हात करायचा. मी पाच वर्षांचा असताना आईला सगळ्यांदेखत विचारलं होतं, "आई, हा माणूस कधी जाणार?" घरभर हसू झालं. अण्णाही हसले. ही गोष्ट आमच्याकडं पुढं कितीतरी वर्षं गंमत म्हणून सांगितली जायची.

मग आई गेली, अण्णांची पाठ गेली आणि ते एक ट्रंक घेऊन कायमचे गावी आले. त्या दिवशी मी शाळेला निघालो होतो. म्हणालो, "अण्णा, ट्रंक आत ठेवा. मला पहिला तास आहे." झालं. त्यानंतर आमचं बोलणं एवढंच राहिलं: जेवलात का, जेवलो. गोळी घेतली का, घेतली. ते मलाही गावासारखं 'मास्तर' म्हणायचे. दत्तू हे माझं नाव त्यांच्या तोंडून ऐकून किती वर्षं झाली होती कोण जाणे.

आणि हाच माणूस रोज दुपारी नानांच्या ओट्यावर बसून खळखळून हसायचा! भिंतीच्या अलीकडं मी पेपर तपासत बसलेलो, पलीकडून अण्णांचा आवाज. कुठल्या गोदीत कोण पडला, कुठल्या मुकादमानं काय केलं, सगळं मी भिंतीला कान लावून ऐकलं. माझ्या बापाचं सगळं आयुष्य मला चोरून ऐकावं लागलं. यात्रेला तर अण्णा सकाळीच घोंगडी नेऊन पहिल्या रांगेत जागा धरायचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. असं काय आहे त्या नानात? बाप माझा, भाकरी माझ्या घरची, औषध मी आणतो, आणि गप्पा मात्र तिकडं!

सुमन म्हणायची, "तुम्ही पण जाऊन बसा की तिथं. कुणी नको म्हटलंय?"

मी कशाला जाऊ? मी ठरवलं, नानांचं पितळ उघडं पाडायचं. पिक्चरमध्ये खरं काय बोलतात ते मी शोधून काढणार आणि गावाला, म्हणजे अण्णांना, दाखवणार की खरा जाणता कोण.

दर अमावास्येला नाना खोलीत अंधार करून एकेक रीळ माईकशिवाय फिरवायचे. रीळ पडून राहिलं की चिकटतं, असं त्यांचं म्हणणं. मी टेपरेकॉर्डर घेऊन गेलो. "विद्यार्थ्यांसाठी," म्हणालो. नाना खूश. "घ्या की, मास्तर! तेवढंच चार पोरं इंग्रजी शिकतील." स्वतः उठून टेप ठेवायला पाट दिला. आता एक कबुली देतो, बाहेर सांगू नका. त्या लोकांचं बोलणं मला पहिल्या झटक्यात ओ की ठो कळलं नाही. वीस वर्षं इंग्रजी शिकवणारा मी, एकेक वाक्य शंभर वेळा मागंपुढं करून, डिक्शनरी मांडीवर घेऊन वहीत उतरवत होतो. सुमन म्हणाली, "त्या मेल्याला एकदाचं काय बोलायचंय ते नीट बोलायला सांगा."

सहा रिळं झाली. आठवंही झालं, त्यात बोलणं जवळपास नाहीच. सातव्याला मात्र नाना म्हणाले, "ते राहू द्या. त्याचा आवाज खराब हाय."

मला तेव्हाच वास आला. म्हटलं, इथंच काहीतरी घोळ आहे. पुढच्या अमावास्येला दुपारी मशीनचा आवाज ऐकू आला, तसा मी मागच्या बाजूला शेणकुटाच्या ढिगावर चढलो आणि खिडकीशी टेप धरून उभा राहिलो. आवाज स्वच्छ होता. नाना आत एकटेच होते. त्या दिवशी त्यांनी ते रीळ दोनदा फिरवलं. मला बरंच झालं, नीट टेप झालं. पण दोनदा का फिरवलं, हे मात्र त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही.

सातव्या रिळात बाप परत येतो. दोन-अडीच वर्षांनी, पाठीवर बोचकं, एक पाय ओढत. मुलगा अंगणात उभा. तेवढ्या काळात त्यानंच नांगर धरलेला, आईला सांभाळलेलं. बाप पायरीवर टेकतो. मुलगा काहीतरी बोलतो, बादली उचलतो आणि विहिरीकडं जातो. नानांच्या सांगण्यात तिथं किसन म्हणायचा, "बा, लई दमला असशील. बस हितं. पानी आणतो." दरवर्षी या वाक्याला बायका मुसमुसायच्या आणि पुरुष उगाच खाकरायचे.

खरं वाक्य मी वहीत उतरवलं. तो मुलगा म्हणतो, "कशाला आलास? तू नसायची आता सवय झालीये आम्हाला." आणि बादली घेऊन तो पाणी बापाला आणत नाही. तो खेचराला पाजायला जातो.

सापडलं! मी त्या वाक्याखाली लाल शाईनं दोन रेघा मारल्या.

यात्रा आली. पटांगण भरलं. मुंबईवाले सगळे आलेले, मांडीवर पोरं घेऊन बसलेले. पहिल्या रांगेत घोंगडीवर अण्णा. मी बाजूला वही घेऊन तयार. सातवं रीळ लागलं, बाप पायरीवर टेकला, नानांनी घसा साफ केला, "बा, लई दमला असशील..."

"थांबा!" मी उभा राहिलो. "साफ चूक! तो असं म्हणतच नाही!"

आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज पडद्याच्या पुढं गेला. सगळं पटांगण माझ्याकडं वळलं. मी वही उघडली आणि ते वाक्य खणखणीत वाचलं. आधी इंग्रजीत आणि मग मराठीत. "कशाला आलास? तू नसायची आता सवय झालीये आम्हाला. आणि तो पाणी खेचराला नेतोय, बापाला नाही!"

मला वाटलं होतं, लोक म्हणतील वा मास्तर. समोर एक मुंबईवाला बसला होता, त्यानं मांडीवरचं पोर हळूच खाली बायकोकडं दिलं. पहिल्या रांगेत अण्णा उठले. त्यांनी घोंगडी झटकली, घडी घातली, खांद्यावर टाकली आणि कुणाकडं न बघता घराकडं चालायला लागले. त्यांची पाठ गेलेली, त्यामुळं पटांगण ओलांडायला त्यांना बराच वेळ लागला.

"मध्यंतर!" नाना ओरडले आणि त्यांनी दिवा लावला. रिळाच्या मधोमध त्यांनी कधी मध्यंतर घेतलं नव्हतं. त्या रात्री पुढचा पिक्चर झालाच नाही.

मी जिंकलो होतो. दुसऱ्या दिवसापासून अण्णा नानांच्या ओट्यावर जायचे बंद झाले. पण माझ्याशीही बोलेनात. जेवलात का म्हटलं तर नुसती मान. भिंतीपलीकडून हसू नाही, अलीकडून शब्द नाही. सुमननं माझ्यासमोर चहा आदळला आणि म्हणाली, "झालं समाधान? बसा आता वही वाचत."

आठ दिवसांनी मीच नानांकडं गेलो. ते दुसऱ्या भाकरीवर होते. मला पाहून म्हणाले, "बसा, मास्तर."

मी म्हणालो, "नाना, मी चुकीचं काही सांगितलं नाही."

"न्हाई. बराबर सांगितलं तुमी."

"म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"शब्द म्हाईत नव्हतं. पर पोराचं त्वांड बघा की. पानी आणाया निघालेलं पोरगं असं त्वांड करतं व्हय? तेवीस वर्सं त्वांडंच बघितली मी पडद्यावर." त्यांनी ताट बाजूला सारलं. "आन् मला ते वाक्य आधीच ठाऊक व्हतं. आमच्या म्हाद्यानं मला त्येच म्हटलं व्हतं. आठ म्हैनं भायेर काढून आखाडात घरी आलो, तवा. हितंच, ह्या दारात. मराठीत बोलला, त्याला काय डिक्शनरी लागली न्हाई."

नानांचा मुलगा महादू भोसरीला असतो हे मला माहीत होतं. यात्रेलाही का येत नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं. पंधरा वर्षं भिंतीला भिंत, आणि मला एवढंच दिसलं होतं की लोक या माणसाचं ऐकतात.

"यात्रंला कोण येतं, मास्तर? मुंबैवाली. वर्सातनं एकदा पोराला मांडीवर घ्यायचं आन् पोरगं आईकडं बघून रडतंय. पेठंला त्या रात्री माझ्याम्होरं सगळी तसलीच बसल्याली. त्यांना काय सांगू मी? कशाला आलास म्हणून सांगू?"

नानांनी ताटात हात धुतला.

"तुमचं अण्णा कायमचं आलं ना, त्या साली पिच्चर झाल्यावर मागं थांबलं. मशीनपाशी आलं आन् मला म्हनलं, नाना, पोरगं खरंच पानी देतं का रं? मी म्हनलं, देतं. मग दरवर्सी इचारायचं, आन् मी सांगायचो, देतं." नानांनी एक विडी काढली आणि न पेटवता हातातच धरली. "आता म्होरल्या वर्सी काय सांगू, ते तुमी सांगा."

मला पहिला तास आठवला. दारात ट्रंक घेऊन उभे असलेले अण्णा, खाली ठेवतानाचा ट्रंकेचा आवाज, आणि मी सायकलीला टांग मारून निघालेलो. पाणी विचारलं नव्हतं. मला कळत होतं की आता घरी जाऊन काहीतरी बोललं पाहिजे. गेलोही. पण अण्णांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "गोळी घेतली का?" ते म्हणाले, "घेतली."

असं एक वर्ष गेलं. माणसाला इंग्रजी येतं आणि हे येत नाही, याला काय म्हणायचं?

पुढच्या यात्रेला अण्णा घरातून हलायला तयार नव्हते. दिवेलागणीला नाना स्वतः आमच्या दारात आले. "अण्णा, उठा. चला. पोरगं पानी देतं का बघू." अण्णांनी माझ्याकडं बघितलं, मग नानांकडं आणि मग मुकाट्यानं खुंटीवरची घोंगडी काढली.

सहा रिळं झाली. मध्यंतरात नानांनी सातवं रीळ चढवलं, मशीन चालू केलं आणि माईक माझ्या हातात दिला.

"ह्ये तुमी सांगा, मास्तर."

"मी? अहो नाना, मी काय सांगू? खरं सांगू का..."

"तुमाला काय वाटंल ते सांगा. मला जरा म्होरं बसायचंय. सगळा जल्म पिच्चर मागनं बघितला. ही एक गोष्ट मला कुणी सांगितलीच न्हाई."

आणि ते गेले की पुढं! पहिल्या रांगेत अण्णांच्या शेजारी घोंगडीवर जाऊन मांडी घालून बसले. पडद्याच्या उजेडात मला दोन पांढऱ्या टोप्या दिसत होत्या. वही माझ्या खिशात होती, लाल रेघांसकट. पडद्यावर बाप आला. पाय ओढत, बोचकं घेऊन. पायरीवर टेकला. पोरगं वळलं.

मी वर्गात कधी गावाकडचं बोलत नाही. मुलं बोलली तर टोकतो. मी माईक तोंडाशी धरला.

"बा," मी म्हणालो. मग थांबलो. "बा, लई दमला असशील. बस हितं. पानी आणतो."

पोरानं बादली उचलली. ते पाणी खेचरासाठी आहे हे अख्ख्या गावात मला सगळ्यात चांगलं माहीत होतं, पण खरं सांगतो, त्या वेळी मलाही तो बापासाठीच पाणी आणायला जाताना दिसला. पुढचं मी काय सांगितलं, सांगितलं की नाही, मला आठवत नाही. रीळ संपलं. पडदा पांढराफटक झाला, मागं रिळाचं टोक फटफट फिरायला लागलं. लोक ओरडले, "नाना, मध्यंतर!" नाना उठले नाहीत. ते उपरण्यानं तोंड पुसत होते आणि अण्णा त्यांच्या मांडीवर हात ठेवून बसले होते.

मग मीच माईक धरला आणि म्हणालो, "मध्यंतर."

घरी आल्यावर अण्णा ओट्यावर टेकले. मी आत गेलो, तांब्या भरला, वर फुलपात्र पालथं घातलं आणि त्यांच्यापुढं नेऊन ठेवलं. त्यांनी मागितलं नव्हतं. फुलपात्र बाजूला ठेवून ते तांब्यानंच घटाघटा पाणी प्यायले. त्यांनी मिश्या पुसल्या. मीही शेजारी बसलो.

"बरं सांगितलंस, दत्तू," ते म्हणाले.

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि भिंतीपलीकडं बोट दाखवून म्हणाले, "पर नानाच्या निम्मं बी न्हाई."

आणि मी पुन्हा जळलो.